पक्की पुडी

सूनबाईने बोट नळाखाली धरलं होतं आणि बाबा स्वयंपाकघराच्या दारात खांबासारखे उभे होते. ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडं होतं. फरशीवर कागदाची एक पुडी अर्धवट उलगडून पडली होती. ती कुणी बांधली हे विचारायची गरज नव्हती. तशी पुडी या घरात एकच माणूस बांधायचा.

बाबांनी उभा जन्म किराणा दुकानात काढला होता. कागदाला घड्या, कोपरा आत, वरून अंगठ्याचा दाब. दोरा लागायचा नाही. त्यांच्या पुडीतून साखरेचा कण सांडत नाही, असं गिऱ्हाईकच चार लोकांत सांगायचं. पुढे मुलाने दुकान विकलं, मधुमेह तेवढा बाबांकडे राहिला. इन्सुलिनच्या पेनाची सुई आणि साखर तपासताना बोटाला टोचायची बारीक सुई, दोन्ही वापरून झाल्या की बाबा त्या पुडीत बांधायचे आणि डब्यात टाकायचे.

सूनबाई लग्न होऊन आली तेव्हाच म्हणाली होती, "बाबा, सुया अशा टाकू नका. जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची बाटली देते, तिच्यात टाका. भरली की झाकण चिकटवून दवाखान्यात देऊन येऊ."

"म्हणजे पलंगाखाली रोगाचं दुकान मांडू मी?" बाबा म्हणाले होते. "माझ्या पुडीतून कधी साखर सांडली नाही, सुई काय सांडणार?"

त्या दिवशी ते जेवायलाही उठले नाहीत. सूनबाईने विषय सोडून दिला. आपण जिंकलो, असं बाबांना वाटलं. सासऱ्यांना असं वाटायला फार लागत नाही.

आणि आता ही उलगडलेली पुडी.

"टोचलं का गं?"

"थोडंसंच. तुम्ही बसा, चहा टाकते."

बाबा बसले नाहीत. त्यांची नजर तिच्या पोटावर गेली. सातवा महिना चालू होता.

सूनबाई या घरात येण्याआधीची गोष्ट. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रक्त तपासलं, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना एकट्याला आत बोलावलं होतं. रक्तात कावीळ आहे, बी प्रकारची, असं सांगितलं. एका ताटात जेवल्याने होत नाही, रक्तातून होते. घरच्यांच्या कानावर घाला, सगळ्यांना लस देऊ. आणि तुमची सुई कुणाला टोचलीच, तर एका दिवसाच्या आत इथे घेऊन या, उशीर करू नका. बाबांनी मान डोलावली आणि घरी येऊन तोंडाला कुलूप लावलं. जगाची रीत त्यांना ठाऊक होती. दुकानातल्या हमालाला कावीळ झाली, तेव्हा त्याचा पेला वेगळा काढणारे तेच होते. आता आपला पेला वेगळा निघेल. आणि नातवंड? ते आपल्या मांडीवर कोण देईल? त्या मांडीभर ओझ्यासाठीच तर म्हातारा गोळ्या गिळत दिवस ढकलत होता.

गप्प बसलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. बाबांनी तसा विचारही केला, खोटं कशाला बोला. पण तेवढ्यात सूनबाईने बोट फडक्याला पुसलं आणि फडक्यावर लाल ठिपका उमटला. बाबांचा धीर सुटला.

"चहा राहू दे," ते म्हणाले. "माझं रक्त खराब आहे, पोरी."

मग खाली मान घालून, एका दमात त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. आपण का लपवलं तेही सांगितलं. "एक दिवस हातात आहे. चल, चपला घाल, आत्ता जाऊन इंजेक्शन घेऊ. तू वाचशील, बाळ वाचेल. माझा पेला वेगळा ठेव. बाळ माझ्याजवळ देऊ नकोस. मी चकार शब्द काढणार नाही."

बोलून झालं आणि छातीवरची धोंड उतरल्यासारखं वाटलं. जन्मात एक काम तरी वेळेवर केलं, असं त्यांच्या मनात आलं.

सूनबाईने नळ बंद केला. पोट सांभाळत ती खाली वाकली आणि ओट्याखालून, फिनेलच्या डब्यामागून, एक जाड पांढरी बाटली काढून ओट्यावर ठेवली. ठेवताना आतल्या सुया खुळखुळल्या. बाटली गळ्यापर्यंत भरत आली होती.

"या माझ्या?" बाबांनी विचारलं.

"तुमच्याच. कचरा न्यायला येते ती बाई सगळं हातांनी निवडते. तिला टोचायला नको, म्हणून मी रोज तुमच्या पुड्या डब्यातून काढते. बाटलीच्या तोंडातून पुडी जात नाही, सोडावी लागते. आणि तुमची पुडी सहजासहजी सुटत नाही, बाबा."

सवयीने बाबांना ते क्षणभर कौतुकच वाटलं. मग त्यांनी तिच्या बोटांकडे पाहिलं, आणि पाहतच राहिले.

"चला, जाऊ दवाखान्यात," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "पण तो एक दिवस आजच्या सुईसाठी ना? आधी टोचल्या, त्यांचं काय करायचं?"