कोरडी पाठ

हॉटेलच्या चादरींना इस्त्री करायच्या त्या वाफाळलेल्या खोलीत पाणी मारून घेतलं नाही, तर तिची एकटीचीच पाठ कोरडी राहायची. तिला जन्मापासून घामच येत नव्हता. अंग तापलं की जीवावर बेतायचं, म्हणून ती शेजारी ठेवलेल्या बादलीतल्या पाण्याने अंगावरचे कपडे सारखे ओले करून घ्यायची. नव्या सुपरवायझरने तिची बादलीच उचलून नेली.

"घाम येत नाही म्हणे! काम केलं तर येईल ना, बाईसाहेब."

दुपारी ती टेबलापाशीच कोसळली. हाताला चटका बसावा इतकं अंग तापलेलं. शेजारच्या मावशींनी तिला ओढत बाथरूममध्ये नेऊन नळाखाली बसवलं, म्हणून वाचली. एसी लावलेल्या केबिनच्या दारात उभा राहून सुपरवायझर म्हणाला, "नाटकं नुसती!" आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मावशींनी तिला आल्या आल्या बाथरूममध्ये पिटाळलं आणि तिच्या वाटणीच्या चादरी आपल्या टेबलावर ओढून घेतल्या. ती दिवसभर एका चादरीलाही हात न लावता नळाखाली बसून राहिली. काम सुटायच्या वेळी बाहेर आली, तेव्हा नखशिखांत निथळत होती.

सुपरवायझर तिला पाहून खूश झाला. "बघा, बघा सगळ्या! याला म्हणतात काम! मावशी, शिका जरा हिच्याकडून काहीतरी."

मावशींनी शेवटच्या चादरीची घडी घातली आणि दुखरी कंबर सरळ केली.

"शिकले की, साहेब. उद्या माझा नंबर."