मुलगी जिवंत आहे

"कट!" दिग्दर्शक ओरडला. "माई, वाक्य बदललंय. मुलगी वारली, असं म्हणायचंय आता."

"ठाऊक आहे मला," माई म्हणाल्या आणि कप्तानाच्या केबिनमधल्या खुर्चीत पुन्हा ताठ बसल्या.

जहाज लाकडाचं होतं आणि शेडच्या मधोमध उभं होतं. चार माणसं खालून रेटायची तेव्हा ते समुद्रात असल्यासारखं डुलायचं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या विलायती कादंबऱ्यांमध्ये शोभतील अशी माणसं एका जहाजावर गोळा करायची आणि जग वाचवायला धाडायची, असा हा साहसपट. त्यातलं एकही माणूस धुतल्या तांदळासारखं नव्हतं, हीच त्यातली गंमत. शिकारी अट्टल दारुडा. कप्तान बुडत्या जहाजावर प्रवाशांना टाकून पळालेला. डॉक्टरनं आपल्याच रोग्यांवर चोरून प्रयोग केलेले. आणि माई रंगवत होत्या ती बाई नदीचा उगम शोधायला नवरा आणि लहानगी मुलगी सोडून निघालेली. शत्रूच्या हल्ल्याआधी चौघं एकमेकांना आपापलं पाप सांगतात, तो आजचा प्रसंग.

पण सकाळीच दादा नवीन कागद घेऊन आले होते. दादा म्हणजे चित्रपटाचे निर्माते आणि दिग्दर्शकाचे थोरले भाऊ. नवीन कागदांत तिन्ही पुरुषांची पापं जशीच्या तशी होती. बाईची मुलगी तेवढी तापानं गेली होती, आणि दुःख विसरायला ती बिचारी घराबाहेर पडली होती.

"अरे, पंचवीस वर्षं ही बाई पडद्यावर सगळ्यांची आई आहे," दादांनी भावाला समजावलं होतं. "लोक रस्त्यात थांबवून तिच्याकडे आशीर्वाद मागतात. तिच्या तोंडी असलं वाक्य? थिएटरात खुर्च्या मोडतील."

दिग्दर्शकानं मान डोलावली होती. बूट कुठले घ्यायचे इथपासून लग्न कुणाशी करायचं इथपर्यंत त्याचं सगळं दादांनीच ठरवलेलं. मूळ संवाद लिहिणारी मुलगी मॉनिटरमागे स्टुलावर बसली होती. तिशीतली, अबोल, पहिलाच चित्रपट. ही भूमिका माईंनीच करावी, एवढं एकच मागणं तिनं केलं होतं. कागद बदलताना तिला कुणी विचारलंही नव्हतं.

कॅमेरा पुन्हा सुरू झाला. माईंनी शिकाऱ्याकडे बघायला हवं होतं, पण त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली.

"मुलगी जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "मीच तिला सोडून निघाले. दार ओढून घेतलं तेव्हा ती जागी होती."

"कट!"

आता दादाच सेटवर चढले. "माई, हा काय हट्ट?"

"तिघांचे डाग तसेच ठेवलेत, माझाच तेवढा धुऊन काढलात. मी काही धुवायला टाकला नव्हता."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"तुमच्याच भल्यासाठी सांगतोय," दादांनी आवाज खाली आणला. "लोक जुनं उकरून काढतील."

जुनं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. माईंनी नटी व्हायला घर सोडलं, तेव्हा मागे नवरा आणि छोटी मुलगी राहिली होती. वर्तमानपत्रांनी ते चवीचवीनं छापलं होतं. माई त्यावर आजवर एका शब्दानं बोलल्या नव्हत्या.

"काढू देत," माई म्हणाल्या.

"प्रेक्षक अशा बाईला माफ करायचे नाहीत, माई."

"माफी मागतंय कोण?"

दादा भावाकडे वळले. "अरे, तू सांग ना यांना. चित्रपट तुझा आहे!"

दिग्दर्शकानं माईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती, राग तर मुळीच नव्हता. एखादं ओझं एकदा उचललं की मध्येच कुणाच्या हाती द्यायचं नाही, तशा त्या बसल्या होत्या.

"दादा, जरा बाजूला व्हा," तो म्हणाला. "फ्रेममध्ये येताय."

दादा बाजूला झाले ते निव्वळ आश्चर्यानं.

कॅमेरा फिरू लागला. माईंनी तीच तीन वाक्यं म्हटली, डोळ्यांत पाण्याचा टिपूस न आणता. शिकारी झालेल्या नटानं 'देव तिला शांती देवो' हे नवं वाक्य पाठ केलं होतं. पण त्यानं आपला पेला माईंच्या पुढ्यात सरकवला आणि जुनंच वाक्य म्हटलं, "मग बस आमच्यात. जागा आहे."

खालून जहाज रेटणाऱ्यांचेही हात थांबले.

"ओके," दिग्दर्शक म्हणाला. मग मोठ्यानं, शेडभर ऐकू जाईल असं, "दादा, हाच टेक राहणार."

दादांचा चेहरा लालबुंद झाला. भावाशी ते नंतर बोलणार होते. आत्ता ते माईंसमोर जाऊन उभे राहिले.

"ठेवा. खुशाल ठेवा. पण माई, तुमची ती मुलगी कुठंतरी असेलच ना? उद्या ती अंधारात बसून हे ऐकेल. तिच्या जिवाला काय वाटेल, याचा तरी विचार केलात?"

सकाळपासून पहिल्यांदाच माईंची मान खाली गेली.

मॉनिटरमागचं स्टूल करकरलं. संवाद लिहिणारी मुलगी उठली, वायरींवरून पाय टाकत सेटवर आली आणि माईंच्या खुर्चीला खेटून उभी राहिली.

"मलाच विचारा ना, दादा," ती म्हणाली. "आणि माझ्या आईचं वाक्य पुन्हा बदलायचं नाही."