पोटावरचा हात

शास्त्रज्ञांनी नवा कण शोधला म्हणून पेपरात त्यांचा फोटो आला. निम्मं राजूर जिच्या हातावर जन्मलं, त्या कौसाबाई सुईणीनं तो दोनदा न्याहाळला. तिची लेक साधना त्यात नव्हती.

माहेरी आलेली लेक फणकारली, “आई, बंद नळीतून कण पळतात. ते सरळ चालले का भरकटले, हे बाहेरून ओळखणारी यंत्रं मी केली. तीस वर्षं! आता नव्या मशीनसाठी बोलावून राह्यले. मी न्हाई जाणार.”

“मी बी पोटावर हात ठेवून लेकरू आडवं का सरळ, सांगायचे. बारशाला आत्याबाई मिरवायच्या. मला आवतन बी नसायचं.”

“मंग?”

“मंग काय! दुसऱ्या खेपेला बाप अनवाणी पळत पयले माझ्याच दारी यायचा. अन् मी रुसून घरी बसले, असं एकदा बी झालं न्हाई.”