मानेपासूनचे पट्टे

"मास्तरजी, जरा देखो तो! पोरीला हाच चावला. जहरीला आहे का?" परसात पकडलेला साप लोणच्याच्या बरणीत घालून शेजारचा नथू धापा टाकत आला होता. जयसिंगरावांनी काचेची बरणी उजेडात धरली. पांढरे पट्टे मानेपासूनच सुरू होऊन शेपटीकडे विरले होते. म्हणजे बिनविषारी कवड्या. तरी ते ओरडले, "मण्यार आहे! टांगा कर, पोरीला आत्ताच दवाखान्यात ने!" नथू पळाला. साप गुदमरू नये म्हणून त्यांच्या पत्नी गिरिजाबाईंनी झाकण काढून बरणीला फडकं बांधलं, सर्पदंशानं गेलेल्या लेकीच्या, कुसुमच्या फ्रॉकचं. संध्याकाळी नथूची पोर हसत परतल्यावर बाईंनी विचारलं, "खरंच मण्यार आहे हो?" "नाही. कवड्याच आहे. उद्या खान नदीकाठी सोडू." "मग नथूला उगाच का घाबरवलंत?" जयसिंगराव काचेवरून बोट फिरवत राहिले. "कुसुमच्या वेळीही मला इतकीच खात्री होती."