डिसेंबरातला पिवळा रंग

सुनेचे हात कधी म्हणून स्वस्थ राहायचे नाहीत. तोरबोर्ग इस्पितळात खुब्याचं मोडलेलं हाड जोडून घेत होती, तेवढ्यात या बयेने स्वयंपाकघर पिवळंधमक करून टाकलं. चाळीस वर्षं तिथे तोरबोर्गच्या नवऱ्याच्या होडीचा उरलेला करडा रंग होता. "अंड्याच्या बलकात राहायला आणलंस होय गं मला?" घरी परतलेली सासू दारातूनच कडाडली. सून योरुन नुसती हसली. पुढे नोव्हेंबरात, दरवर्षीप्रमाणे, उत्तर नॉर्वेतल्या त्यांच्या बेटावरून सूर्य गेला, तो दोन महिन्यांसाठी. नवरा वारल्यापासून असल्या काळोखात तोरबोर्ग अंथरूण सोडत नसे, धड जेवत नसे. यंदा मात्र ती रोज आपणहून उठून पिवळ्या भिंतीपाशी कॉफी घेत बसू लागली. आज तर तिने कॉड मासा उकडला, बटाटे सोलले आणि सुनेला हाक मारली. "विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं. बरं झालं, विचारलं नाहीस."