उजवा कान

"तापू द्या अजून," सोमेश म्हणाला. "थंड इंजिनावर लावलं की फसतंय."

आनंदराजनं या खेपेला घाई केली नाही. मागच्या रेसला त्यानंच घाई केली होती. थंड इंजिनावरच आयडल, म्हणजे गॅस सोडल्यावरचा इंजिनाचा वेग, लावून घेतलं, आणि नांदेडच्या मैदानात वळणावर गॅस सोडला की गाडी बंद. गाडी तिथंच टाकून तो सरळ सोमेशकडं चालत आला होता आणि सगळ्यांदेखत कानाखाली वाजवली होती. सोमेशचा डावा कान तेव्हापासून मेला.

म्हणून आता तो उजवा कान इंजिनाकडं करून बसला. बोअर वाढवलेलं टू-स्ट्रोक. असलं इंजिन पळायला उतावीळ, जागेवर उभं राहायला नको म्हणतं. निलंगा रोडवर गॅरेजं ढिगानं, पण त्याला उभं करणारा एकच. हे मारणाऱ्यालाही ठाऊक होतं, म्हणून तर तो परत आला होता.

इंजिन पुरतं तापलं. सोमेशनं हवेचा स्क्रू केसाकेसानं बाहेर घेतला. आवाज चढत गेला. जिथं चढायचा थांबला, तिथं सोमेशचा हातही थांबला. मग आयडलचा स्क्रू सोडत त्यानं आवाज खाली उतरवला. गॅस पिळला, सोडला. इंजिन किंचाळलं, खाली आलं, आणि गचकलं नाही.

"झालं, मालक."

आनंदराजनं स्वतः पिळून बघितलं, पुन्हा पुन्हा. गाडी दर वेळी जागेवर येऊन शांत गुरगुरत राहिली.

"लई भारी, राव!" तो म्हणाला. मग त्याची नजर भिंतीकडच्या दुसऱ्या गाडीवर गेली. "ही कुणाची?"

"अंबरीशभाऊंची. रविवारच्या रेसला तीबी उतरणार हाय. तुमची झाली, आता तिलाच हात लावतो."

"तिचं जरा कमीजास्त राहू दे की."

सोमेश हसला. "न्हाई जमत, मालक. आवाज चुकला की कान बसू देत न्हाई मला."

"कान? तुझा कान तर मी फोडला."

"त्यो डावा. ह्यो हाय की." सोमेशनं उजव्या कानाला बोट लावून दाखवलं. बोलण्यात जरा माजही होता. काम फत्ते झालेल्या माणसाला तेवढा येतोच.

आनंदराजनं मान डोलावली. डाव्या हातातलं हेल्मेट उजव्या हातात घेतलं आणि मोकळा झालेला डावा हात उचलला. पाठीवर थाप मारतोय, असं सोमेशला वाटलं.

फाडकन आवाज झाला. तेवढा ऐकू आला.

सोमेश जमिनीवरून उठून बसला तेव्हा आनंदराज गाडीवर बसला होता. वाकून काहीतरी विचारत होता. ओठ हलत होते. हसतही होता.

सोमेशनं सायलेन्सरकडं बघितलं, मग हात लांबवून टाकीवर तळवा ठेवला.

टाकी थरथरत होती. एकसारखी, कुठंही न अडखळता.