कुंकवाची पारख

“कुंकू लावतो, मंग कळतेच,” करंडा उघडत मैनाबाई पुटपुटली. “आपली असंल तं कपाळ पुढं करंल.”

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका ओळीनं बसल्या होत्या. अगदी शेवटी ती परकी बाई, मांडीवर तापानं फणफणलेली पोरगी घेऊन. कापूस वेचायला आलेल्या टोळीनं पोरीच्या तापाला भिऊन दोघींना गावातच टाकलं होतं. बाईजवळ कसलाच कागद नव्हता. सीमेपलीकडून जीव घेऊन पळून आलो, एवढंच ती मोडक्या हिंदीत सांगे.

ओसरीवर मैनाबाईचा नवरा, सरपंच घनश्याम, जीपची किल्ली बोटात फिरवत होता. “आपली निघाली तं राहू देऊ, कोणाले सांगायचं नाही. नसंल तं दिवस बुडायच्या आत हायवेवर सोडून देतो. पोलिसाचं लचांड नको.”

रत्नप्रभा ओळीबाहेर, खांबाला टेकून बसली होती. एरवी ती हळदीकुंकवाला येत नसे. पण ती गावची पोलीस पाटील. गोष्ट ठाण्यापर्यंत न जाता इथंच मिटावी, म्हणून आज तिला साक्षीला बोलावलं होतं. परक्या माणसाची खबर ठाण्यात देणं तिचं काम. दिली तर या दोघींना परत तिकडं धाडतील. नाही दिली तर? हायवेवरचे ट्रक तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. सकाळी जपातही मन लागलं नव्हतं.

मैनाबाईचं बोट शेवटच्या कपाळाशी गेलं. बाईनं मान मागं घेतली. मैनाबाईचा हात हळूच खाली केला. मग आपल्या रित्या मनगटावरून बोटं फिरवली आणि रत्नप्रभाच्या रित्या कपाळाकडे पाहिलं.

“पाह्यलं?” मैनाबाई ओरडली. घनश्याम उठला.

रत्नप्रभानं फोन लावला. “साहेब, पोलीस पाटील बोलतो. एक बाई हाय, एक पोरगी. बाहेर देशातल्या. नाही, कागद नाही. पोरीले लई ताप हाय, आधी दवाखाना पाहा. सोबत बाई शिपाई पाठवा. तोवर माझ्या घरी राहतीन. मी संगं येतो.”

“ठाण्याले काहून कळवलं?” घनश्याम खेकसला. “धाडून देतीन ना तिले!”

“जे व्हायचं ते उजेडात होऊ द्या, भाऊ.”

“अन् घरात घेता?” मैनाबाई पुढं आली. “कुंकवाले नाही म्हणणारी बाई? इतकं देवाधर्माचं घर तुमचं, पाटीलबाई!”

रत्नप्रभानं पोरीला खांद्यावर घेतलं.

“मैनाबाई, मी काहून येत नाही वं तुमच्या हळदीकुंकवाले?”